कारण : तपास चालू

टॉवरवर नोकरी केली म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : वर चढायचात का? चढायचो, पण क्वचित. प्रक्षेपण केंद्रावरच्या तंत्रज्ञाचं आयुष्य टॉवरच्या पायथ्याशी जातं. ट्रान्समीटर हॉलमध्ये ब्लोअरची घरघर चालू असते आणि तिची इतकी सवय होते की ती थांबली तर झोपलेला माणूस उठून बसतो. दर तासाला मीटर वाचायचे आणि लॉगबुकात आकडे भरायचे. लाइनचं व्होल्टेज, पुढे जाणारी पॉवर, परत येणारी पॉवर, ट्यूबचा करंट, बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान. प्रक्षेपण बंद पडलं तर किती वाजून किती मिनिटांनी पडलं, कधी सुरू झालं आणि का पडलं, हे तांबड्या शाईनं लिहायचं.

मी छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचा. बदल्या मराठवाड्यातच होत राहिल्या. कुठल्या केंद्रावर काय घडलं ते नाव घेऊन सांगणार नाही. बरोबरचे लोक अजून आहेत, आणि यातल्या काही गोष्टी माझ्याइतक्याच त्यांच्याही आहेत.

नोकरीच्या सुरुवातीलाच एका वरिष्ठांनी लॉगबुक पुढ्यात ठेवून सांगितलं होतं, ‘‘कारण कळलं नसेल तर ‘तपास चालू’ लिही. अंदाज लिहायचा नाही. तू अंदाज लिहिलास की उद्याच्या शिफ्टचा माणूस तुझा अंदाज दुरुस्त करत बसेल, मशीन तसंच राहील.’’ तेव्हा वाटलं, सरकारी सावधगिरी आहे, अंगावर काही येऊ नये म्हणून. ती सावधगिरी नव्हती हे कळायला बरीच वर्षं गेली.

आमच्या भागाला प्रक्षेपण नवं नव्हतं, हे बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. निजामाच्या काळात हैदराबादला रेडिओ होता तसं औरंगाबादलाही केंद्र होतं. १९५० साली संस्थानांची केंद्रं आकाशवाणीकडे आली, त्या यादीत म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, बडोदा यांच्या जोडीला औरंगाबाद आहे. टीव्ही मात्र आमच्याकडे उशिरा आला. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला दूरदर्शन सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या टॉवरमुळे पुण्याला दिसायला लागलं. मराठवाडा त्यानंतर दशकभर वाट पाहत राहिला. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी वर गेला आणि दिल्लीचं चित्र उपग्रहावरून कुठंही उतरवून घेता येऊ लागलं. मग गावोगाव शंभर वॅटचे लहान ट्रान्समीटर बसले. एक जाळीची मोठी डिश, एक खोली, एक बेताचा मास्ट, एवढाच संसार. आमच्या शहरात सिडको-हडकोकडच्या एका चौकाला ‘टीव्ही सेंटर’ हेच नाव पडलं. आजही रिक्षावाला ‘टीव्ही सेंटर, टीव्ही सेंटर’ ओरडतो. मागच्या सीटवरच्या कॉलेजच्या मुलाला तिथं टीव्हीचं काय होतं हे ठाऊक नसतं, आणि त्याचं काही अडतही नाही.

शंभर वॅटवर शहर भागतं, तालुके भागत नाहीत. त्यासाठी उंची लागते. म्हणून पुढे खुलताबादच्या वरच्या अंगाला, म्हैसमाळच्या डोंगरावर मोठा टॉवर आला.

उंचीचा हिशेब सोपा आहे. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, पृथ्वीचा गोलावा आडवा आला की संपतात. आसपासच्या जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, चारनं गुणा. उत्तर येईल तेवढे किलोमीटर. शंभर मीटरवरून चाळीस, चारशे मीटरवरून ऐंशी. म्हणजे अंतर दुप्पट हवं तर उंची चौपट लागते, आणि लोखंडाचा खर्च त्याहून जास्त वाढतो. वरळीला ३०० मीटरचा टॉवर पार जमिनीपासून उभारावा लागला. सिंहगड काय, म्हैसमाळ काय, निम्म्याहून जास्त काम डोंगरानं आधीच करून ठेवलेलं होतं. देवगिरीच्या किल्ल्याखाली वाढलेल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. उंचावर ताबा कशासाठी ठेवायचा, ते इथं फार पूर्वी कळलेलं आहे.

म्हैसमाळचं प्रक्षेपण सुरू झाल्यावर शहरातल्या गच्च्यांवरचे ॲल्युमिनियमचे अँटेना सगळे वायव्येकडे तोंड करून उभे राहिले. नवख्या माणसाला होकायंत्र लागलं नसतं. गच्चीवर एक जण दांडा फिरवतोय, जिन्यात एक जण निरोप्या, खाली खोलीत एक जण ओरडतोय : ‘आलं, आलं... गेलं! थोडं मागं घे!’ मोठ्या केंद्राच्या पायथ्याशी असलेल्या वस्त्यांची मात्र गंमत व्हायची. अँटेनाचा झोत दूरच्या गावांकडे आखलेला असतो, तो त्यांच्या डोक्यावरून निघून जायचा आणि वर डोंगराची कपार आडवी. सत्तर किलोमीटरवरच्या गावात स्वच्छ चित्र, आणि टॉवरचा लाल दिवा ज्यांच्या अंगणातून दिसतो त्यांच्या पडद्यावर दुहेरी माणसं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. ती मंडळी तक्रार घेऊन यायची तेव्हा त्यांना वर्गमूळ सांगून उपयोग नसे. चहा पाजायचा आणि अँटेना कपारीकडून फिरवून समोरच्या टेकडीकडे करून बघा म्हणायचं. कधी कधी टेकडीवरून परतलेलं चित्र खरंच बरं यायचं.

आणखी एक गैरसमज मला आयुष्यभर पुरला. ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी आमच्यामुळे लागते असं लोकांना वाटायचं. ती पाटी स्टुडिओकडून यायची, म्हणजे ती दिसतेय तोवर आमचं सगळं ठणठणीत होतं. आमचं बिघडलं तर पाटीबिटी काही नाही, सरळ मुंग्या. त्यामुळे पाटी लागली की आम्ही निवांत असायचो आणि बाहेर फोनवर शिव्या खायचो.

रविवारची सकाळ वेगळी. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं, पाठोपाठ ऑक्टोबर १९८८ पासून ‘महाभारत’. ओस पडलेले रस्ते, टीव्हीला घातलेले हार, हे सगळं इतक्या वेळा लिहून झालंय की मला त्यात रस उरलेला नाही. खरं तर गल्लीत एका घरी टीव्ही असे आणि दारात कोणाला उभं करायचं, कोणाला नाही, हे तो घरमालक ठरवायचा. तो भाग आठवणींत सहसा येत नाही. आमच्याकडे त्या तासाभरात डिझेल जनरेटर आधीच चालू करून ठेवलेला असायचा. वीज गेल्यावर तो सुरू करून ट्रान्समीटर पुन्हा पूर्ण पॉवरवर आणायला काही मिनिटं जात, आणि रविवारी ती मिनिटं परवडणारी नव्हती. हॉलमध्ये मॉनिटर असे, पण आम्ही पाहायचो ते मीटरकडे. भीष्म शरशय्येवर पडले तेव्हा परत येणारी पॉवर किती होती ते मी सांगू शकेन, संवाद नाही.

आता ज्या बिघाडानं मला शहाणं केलं त्याबद्दल. एका केंद्रावर ट्रान्समीटर अधूनमधून ट्रिप व्हायला लागला. परत येणाऱ्या पॉवरचा काटा एकदम उसळायचा, संरक्षण यंत्रणा सगळं बंद करायची. पुन्हा चालू केलं की दिवसभर ठीक. ट्रान्समीटरमधून निघालेली पॉवर जाड तांब्याच्या नळीतून, म्हणजे फीडरमधून, टॉवरवर अँटेनापर्यंत जाते. ती जर पुढे न जाता उलटी फिरली तर ट्रान्समीटरचं नुकसान होतं, म्हणून हा बंदोबस्त. पहिला संशय अर्थातच ट्रान्समीटरवर गेला. ट्यूब बदलली. ट्यूनिंग पुन्हा केलं. वरून आलेल्या तज्ज्ञांनी दोन दिवस मुक्काम करून कंट्रोल कार्ड बदललं आणि ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा ट्रिप. मग रात्री प्रक्षेपण संपल्यावर टॉवरची जोडणी सोडवून डमी लोडवर, म्हणजे खोट्या भारावर, पूर्ण पॉवरनं मशीन चालवून पाहिलं. काही नाही. म्हणजे दोष इमारतीच्या बाहेर, फीडर किंवा अँटेनात. पण कुठं? जोडच जोड, आणि सगळे उंचावर.

आमच्यात डिप्लोमा करून नुकताच लागलेला एक मुलगा होता. त्याला कंटाळा आला की तो जुनी लॉगबुकं चाळायचा. त्यानं आठ-दहा महिन्यांच्या ट्रिपच्या वेळा आलेखाच्या कागदावर मांडल्या. जवळजवळ सगळ्या सकाळी. आणि डिसेंबरात त्या उशिरा होत्या, एप्रिलकडे येता येता लवकर सरकत गेल्या होत्या. जुलैत ढग दाटलेले असताना एकही नाही. तो कागद घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘काका, हे सूर्याबरोबर चाललंय.’’

तेवढं पुरे होतं. पूर्वेकडून ऊन ज्या टप्प्यावर सरळ फीडरवर पडतं तिथं तांबं तापून लांब होत होतं आणि एखादा सैल जोड तेवढ्यापुरता सुटत होता. मग सगळी नळी सारखी तापली की पुन्हा बसत होता. वर माणूस पाठवला, उन्हाचा तो टप्पा दाखवून दिला. दुसरीच फ्लँज उघडली आणि आतली बुलेट हातात आली. बुलेट म्हणजे दोन नळ्यांच्या आतल्या दांड्यांना जोडणारा पितळी तुकडा, दोन्ही टोकांना चिरा पाडून बोटांसारखा केलेला. ती बोटं एका बाजूनं जळून काळी ठिक्कर झाली होती, एक तर वितळून आखूड झालेलं. शेजारच्या टेफ्लॉनच्या पांढऱ्या चकतीवर झाडाच्या फांद्यांसारखी काळी रेघोटी उमटलेली. जळक्या टेफ्लॉनचा वास नाकात बसतो, दोन दिवस जेवण गोड लागत नाही. जोड बदलला, ट्रिप थांबल्या.

सगळ्यांनी त्या मुलाची पाठ थोपटली, ते योग्यच. पण माझ्या डोक्यात वेगळंच राहिलं. त्या आलेखातले निम्मे ठिपके आमच्यातल्या अशा लोकांनी नोंदवलेले होते ज्यांना त्या वेळी काहीही कळलेलं नव्हतं. त्यांनी वेळ मिनिटापर्यंत लिहिली होती आणि कारणापुढे ‘तपास चालू’ एवढंच. एका सहकाऱ्याची सवय वेगळी होती. तो ‘लाइन व्होल्टेज कमी’ असं ठोकून द्यायचा, कारण तेवढं लिहिलं की वरचं ऑफिस प्रश्न विचारत नसे. त्याच्या शिफ्टमधल्या ट्रिप त्या मुलानं आधी बाजूला काढल्या होत्या, विजेचा दोष समजून. नंतर मिळवून पाहिल्या तर त्याही त्याच सूर्याच्या रांगेत. माणूस वाईट नव्हता. कारण माहीत नाही असं कागदावर लिहायला धीर लागतो, आणि आपल्याकडे त्या धीराला कामचुकारपणा समजतात.

टॉवरवर चढणारी माणसं आमच्यातली नसत. रंगाचं, दिव्यांचं, फीडरचं काम ठेकेदाराकडे जायचं आणि रिगरची टोळी यायची. त्यातले एक वयस्कर मिस्त्री होते, शहागंजकडचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. आल्या आल्या ते टॉवरच्या पायाला, डोक्याच्या वर हात पोहोचेल तिथं, चिंधी बांधायचे आणि खाली उकिडवं बसून सुपारी कातरत तिच्याकडे बघायचे. चिंधी लोंबती असेल तर काम. फडफडली तर थोडं थांबून. आडवी ताणली गेली तर ‘आज नई’. एकदा कोणी बडे पाहुणे येणार म्हणून वरचा विझलेला लाल दिवा त्याच दिवशी लावायचा हुकूम होता. आमचे साहेब घड्याळ दाखवत होते, चाचा चिंधी दाखवत होते. शेवटी साहेब म्हणाले, ‘‘चाचा, खाली तर फारसं वारं नाही.’’ चाचा म्हणाले, ‘‘साब, मेरेकू खाली नई चढना है.’’ दिवा दोन दिवसांनी लागला. पाहुण्यांनी वर पाहिलंसुद्धा नव्हतं, असं नंतर कळलं.

मी त्यांच्याबरोबर जे थोडंफार चढलो त्यात तीन गोष्टी हाडात बसल्या. दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय, एका वेळी सुटायचा तो एकच अवयव. पाना मनगटाला सुतळीनं बांधलेला हवा. शंभर मीटरवरून सुटलेला पाना खाली येईपर्यंत ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो, आणि खाली उभा असतो तो चहा आणणारा पोऱ्या. आणि वर असताना दूर बघायचं नाही. गाव, रस्ते, तळी, सगळं छान दिसतं. पण बघायचं असेल तर आधी बेल्ट अडकवून थांबायचं. चालता चालता बघायचं नाही.

आग्या मोहोळ हा वेगळाच विषय. दिवाळीच्या पुढेमागे उंच टॉवरच्या प्लॅटफॉर्मखाली ही पोळी लटकायला लागतात आणि मग उन्हाळा संपेपर्यंत त्या टप्प्याच्या वर जायची सोय नसते. धूर करा, औषध मारा, असे सल्ले देणारे भरपूर भेटतात, वर जाणारा कोणी भेटत नाही. एकदा ‘मोहोळामुळे दुरुस्ती स्थगित’ असं कळवल्यावर ‘सदर मोहोळ कोणत्या तारखेस स्थलांतर करणे अपेक्षित आहे’ अशी विचारणा आली होती. आम्ही काय उत्तर पाठवलं असेल ते वाचकांनी ओळखलंच असेल.

टीव्हीचा आणि एफएमचा टॉवर जमिनीला जोडलेला असतो, त्याला हात लावून उभं राहिलं तरी काही होत नाही. मध्यम लहरींच्या रेडिओचं तसं नसतं, तिथं अख्खा मास्ट हाच अँटेना. तो चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो आणि पूर्ण खांबात पॉवर खेळत असते. जमिनीवर पाय ठेवून त्याला बोट लावलं तर बोट भाजतं. दिसायला दोन्ही लाल-पांढरे, दोघांवर रात्री लाल दिवे, पण एकाच्या कुंपणात शिरलेली बकरी मजेत चरते आणि दुसऱ्याच्या कुंपणाला कुलूप लागतं. बदली होऊन आलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी सांगायची पद्धत होती.

टॉवर दुरुस्ती चालू असतानाही पडू शकतो. जगातला तेव्हाचा सगळ्यात उंच मास्ट पोलंडमध्ये कोन्स्तान्तिनूफला होता, ६४६ मीटरचा. ८ ऑगस्ट १९९१ ला त्याचे ताण, म्हणजे त्याला उभं धरणाऱ्या तारा, बदलण्याचं काम चालू असताना तो कोसळला. सतरा वर्षं वारा-बर्फ सोसलं आणि देखभालीच्या दिवशी गेला. ही बातमी आमच्याकडे पोहोचली तेव्हा आमच्या एका अभियंत्यांनी नियम केला : कुठलाही बोल्ट काढण्याआधी त्याच्या जागेचा दुसरा माणसाच्या हातात दिसला पाहिजे. आमचे टॉवर ताणांवरचे नव्हते, स्वतःच्या चार पायांवर उभे असलेले जाळीचे होते. तरी नियम चालू राहिला आणि त्याबद्दल कोणी कुरकुर केली नाही.

विजा मात्र चुकत नाहीत. डोंगरावरचं सगळ्यात उंच लोखंड म्हणजे वळवाच्या पावसाला आमंत्रणच. शेंड्यावरच्या टोकापासून तांब्याची पट्टी खाली येते आणि जमिनीत कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात, अर्थ पिटमध्ये, पुरलेली असते. आकाशातून येईल ते तिथं जिरायला हवं. मराठवाड्याची अडचण अशी की खाली माती हात-दोन हात, मग काळा पाषाण. तो पाण्याशिवाय वीज घेत नाही. मे महिन्यात खड्डे कोरडे पडले की अर्थचा रेझिस्टन्स चढत जातो, आणि नेमकी त्याच सुमारास वळवाची वीज येते. म्हणून उन्हाळ्यात अर्थ पिटला रोज पाणी घालायचं असा नियम आहे.

दुष्काळात हा नियम पाळून बघावा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, बाकीच्या मराठवाड्याची गतही त्याहून फार वेगळी नव्हती. आमच्या केंद्रावर टँकर यायचा, तो आठवड्यातून कधीतरी. अशा एका दुपारी मी बादली घेऊन खड्ड्यात पाणी ओतत असताना कुंपणापलीकडून शेळ्या चारणारी एक आजी बघत उभी राहिली. म्हणाली, ‘‘लेकरा, तिथं काय लावलंस?’’ काही लावलेलं नाही, जमिनीला पाणी द्यावं लागतं, नाहीतर वीज मशीन जाळते, असं काहीसं मी म्हणालो. ती काही बोलली नाही. तिनं नुसतं बादलीकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे. त्या दिवसापासून आम्ही आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी एका पिंपात साठवून तेच खड्ड्यांना घालायला लागलो. पिण्याच्या टाकीतलं एक घागर पाणी रोज कुंपणाच्या फाटकाशी ठेवलं जायला लागलं. नियमात ते कुठंही बसत नव्हतं. खरं तर साबणाचं पाणी अर्थला चांगलंच चालतं, हे आम्ही आधीच करायला हरकत नव्हती. कोणी विचारलंच नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यातल्या त्या पिढीच्या प्रत्येकाला आठवते. गणपती विसर्जनाची रात्र उलटून गेलेली, ३ वाजून ५६ मिनिटं. मी तेव्हा किल्लारीच्या भूकंपाच्या पट्ट्यापासून बराच लांब होतो, तरी क्वार्टरमधली भांडी मांडणीवरून पडली. माझ्या डोक्यात पहिला विचार टॉवरचा आला, घरच्यांचा त्याच्या नंतर. अभिमान नाही त्याचा, पण खरं ते खरं. बॅटऱ्या घेऊन आम्ही चारही पाय तपासले. अँकर बोल्टभोवतीच्या ग्राउटिंगला हात लावून लावून भेग शोधली, नटांवरचं ग्रीस तसंच आहे का पाहिलं, वरचा लाल दिवा एका झाडाच्या फांदीशी जुळवून तो हलतोय का ते बघत बसलो. टॉवरला काही झालं नव्हतं. जाळीचं लोखंड वाऱ्यासाठी लवचीक बांधलेलं असतं, धक्का त्यानं पचवला. किल्लारीकडची दगड-मातीची जाड भिंतींची घरं मात्र माणसांसकट बसली.

सकाळी वेळेवर प्रक्षेपण सुरू केलं. दिवसभर बातम्या, मग दृश्यं यायला लागली, आणि मीटर अगदी जागच्या जागी. काही वर्षांपूर्वी त्या दिवसाचं पान आठवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतंच. पॉवर पूर्ण, बिघाड नाही, व्यत्यय नाही. लॉगबुकाला फक्त बंद पडणं कळतं.

पुढचं थोडक्यात. केबल आली, डिश आली, गच्च्यांवरचे अँटेना कावळ्यांना बसायला उरले. फेब्रुवारी २०१६ मध्ये देशातल्या १६ शहरांत जमिनीवरून डिजिटल टीव्ही सुरू झाला, त्यात औरंगाबाद होतं. तंत्र उत्तम, चित्र सुरेख, पण त्यासाठी लागणारा नवा टीव्ही किंवा डबा लोकांकडे नव्हता आणि तो कुठं मिळतो हे दुकानदाराला ठाऊक नव्हतं. २०२१-२२ मध्ये बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटर देशभर बंद झाले. मला वाईट वाटलं का, असं लोक विचारतात. बंद करणं योग्यच होतं. कोणी पाहत नसताना एवढी वीज जाळणं हा गुन्हाच म्हटला पाहिजे. खटकलं ते वेगळंच. यंत्रांबरोबर ती चालवणाऱ्यांचं ज्ञानही भंगारात गेलं. कुठला जोड उन्हात सुटतो, कुठल्या पायाशी पाणी साचतं, हे कोणी विचारून घेतलं नाही. नकाशे होते, पण नकाशात सूर्य नसतो.

टॉवर उभे राहिले आहेत आणि ते राहावेत असं माझं मत आहे. काही ठिकाणी ते पाडून लोखंड विकावं अशी कुजबुज करणारे भेटतात, त्यांना मी आयफेल टॉवरची गोष्ट सांगतो. १८८९ च्या प्रदर्शनासाठी तो उभारला तेव्हा परवाना वीस वर्षांचा होता, त्यानंतर तो काढायचा होता. तो वाचला त्याचं मोठं कारण म्हणजे तोवर त्याच्यावर बिनतारी संदेशाची अँटेना बसली होती आणि लष्कराला ती हवी होती. २०२४ च्या सुरुवातीला आपल्याकडे इंटरनेटशिवाय थेट मोबाइलवर टीव्ही दाखवण्याच्या चाचण्या १९ शहरांत घेणार असं जाहीर झालं. त्यालाही टॉवरच लागेल, आणि तो जितका उंच तितका बरा. ते चालेल की डिजिटल टीव्हीसारखंच डब्याअभावी अडेल, ते पुढे दिसेल.

निवृत्तीनंतर अधूनमधून फोन येतात. परवाच एका केंद्रावरून आला. नवा अभियंता, आवाजावरून पंचविशीचा. वीज पडून उपकरणं गेली होती, अर्थचा रेझिस्टन्स फार चढलाय म्हणाला, आणि ड्रॉइंगवर सहा अर्थ पिट दाखवलेत पण जागेवर चारच सापडताहेत. मी म्हटलं, पाचवा जनरेटरच्या खोलीमागं आहे, वर डिझेलच्या पिंपांचा ओटा बांधलाय, त्याच्या कडेला खणा. सहावा मुळात कधी केलाच नव्हता, खाली दगड लागला म्हणून सोडून दिला होता, ड्रॉइंग कोणी बदललं नाही. तो म्हणाला, ‘‘सर, मग आत्ता पाणी घालून संध्याकाळी रीडिंग घेतो.’’ म्हटलं, संध्याकाळी घेऊ नका, फसवं येईल. आज घाला, उद्या घाला, परवा सकाळी मोजा. आणि साबणाचं पाणी असेल तर ते घाला, पिण्याचं नको.